कुलूप नसलेली कपाटं

चौतीस वर्षं माझ्याकडे कपाटांच्या किल्ल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या ग्रंथालयात मी १९७८ साली परिचर म्हणून लागलो आणि २०१२ साली सहायक ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. लोखंडी कपाटांच्या दोन रांगा, देवघेवीची एक खिडकी आणि खिडकीच्या आत मी. मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, मी आत जाऊन शोधायचं, सापडलं तर द्यायचं, नाही तर 'बाहेर गेलंय' असं सांगायचं. खरं सांगायचं तर पुष्कळदा पुस्तक आतच असायचं. उठायचा कंटाळा यायचा. सत्तरी ओलांडल्यावर हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

कंटाळ्यापेक्षा मोठी होती ती धास्ती. दर मे महिन्यात पुस्तकांची मोजदाद व्हायची. दाखलनोंदवहीतला एखादा क्रमांक कपाटात सापडला नाही की पैसे आपल्या पगारातून कापतील, अशी भीती आम्हा सगळ्यांच्या मनात असायची. म्हणून चांगली पुस्तकं आत, कुलपात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, ती मी सर्टिफिकेट कोर्सला पाठ केली होती. पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा ते वाचकाच्या हाती पडणं महत्त्वाचं, हा त्यांचा सगळा आग्रह. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले मार्क मिळाले. कामावर मात्र मी किल्ल्याच सांभाळल्या.

माझी थोरली लेक त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती. प्राणिशास्त्राची तिला फार आवड. २००४ साली, ती दुसऱ्या वर्षाला असताना चांगलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरचे लोक शरीफ. आमच्या बिरादरीत तेव्हा वीस वर्षांची मुलगी घरात असली की लोक विचारायला लागत. "लग्नानंतर शिकेल," असं सासरकडचे म्हणाले, मीही म्हणालो. दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं की हे बोलायचं असतं म्हणून बोलतात. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयाची दोन पुस्तकं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, ये वापस करना है."

टी.सी. घ्यायची तर ग्रंथालयाची 'नो ड्यूज' लागते. विद्यार्थिनीकडे ग्रंथालयाचं काही येणं बाकी नाही, असा तो छापील कागद. त्या कागदावर सही माझीच होती. हजारो मुलामुलींच्या कागदांवर मी तशी सही केली होती, त्याच हाताने तिच्याही कागदावर केली आणि शिक्का मारला.

ती २०१० साली नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली. दोन मुलं झाली. २०२३ साली संगणक कंपन्यांत नोकरकपात सुरू होती, त्यात जावयाची नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, पगार कमी. तेव्हा लेकीने ठरवलं की आपणही काही शिकायचं. वयाच्या चाळिशीत ती न्यू जर्सीत तिच्या काऊंटीच्या कम्युनिटी कॉलेजात दाखल झाली. पुढे नर्सिंगला जायचं, त्यासाठी आधी शरीरशास्त्राचे दोन पेपर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि तिची अम्मी पाच महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो. तिथे घरात बसून मला करमेना. एक दिवस ती म्हणाली, "अब्बा, चलो मेरे साथ. तुम्हारी जगा पे लेके जातूं." ती जागा म्हणजे तिच्या कॉलेजचं ग्रंथालय. दारातून आत गेलो आणि ती हळूच म्हणाली, "देखो अब्बा, यहां कपाटां को कुलूपच नै."

तिने टोमणा मारला नव्हता. पण मला तो लागला.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी कमी, आणि बारावीपर्यंतचं शिक्षण असलेल्या कुणालाही प्रवेश. मार्कांची चाळणी नाही. दोन वर्षांची पदवी घेऊन नोकरी धरा, नाही तर तेच गुण घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. इलिनॉयमधल्या जोलिएट इथे १९०१ साली अशा कॉलेजची सुरुवात झाली. ट्रूमन अध्यक्ष असताना त्यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल डिसेंबर १९४७ मध्ये आला, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी. गावोगाव अशी स्वस्त किंवा मोफत कॉलेजं काढा, असं त्या अहवालाने सांगितलं आणि तेव्हापासून 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. आज त्या देशात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत, एकट्या न्यू जर्सीत अठरा. कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांची फी माफ करण्यासाठी त्या राज्याने २०२१ साली कायदाही केला.

लेकीने माझ्याकडून आपलं बारावीचं जुनं मार्कलिस्ट मागवलं होतं, ते तिथे चाललं. मधली वीस वर्षं कुठे होतीस, असं तिला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारतात.

ग्रंथालय दोन मजली होतं. पुस्तकांच्या रांगांमध्ये कुणीही जावं, काढावं, चाळावं, आवडलं नाही तर टेबलावर ठेवून द्यावं. मी सवयीने २९७ क्रमांक शोधू लागलो. ड्युईच्या वर्गीकरणात इस्लामचा हा क्रमांक आणि मराठी साहित्याचा ८९१.४६, दोन्ही माझ्या हाताला पाठ. इथे ते आकडेच नव्हते. मदत टेबलावरच्या बाईंकडे गेलो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यांनी सांगितलं की इथे काँग्रेसच्या ग्रंथालयाची पद्धत आहे, इस्लामची पुस्तकं बीपी या अक्षरांखाली. त्या जागेवर बसून बोट दाखवू शकल्या असत्या. पण त्या उठल्या, माझ्याबरोबर रांगेपर्यंत चालत आल्या आणि पुस्तकं दाखवून परत गेल्या. वयाने माझ्या लेकीपेक्षा मोठ्या असतील. चौतीस वर्षांत किती मुलांसाठी मी असा खुर्चीतून उठलो होतो, याचा हिशेब मी त्या रांगेत उभा राहून करू लागलो.

त्यांच्याशी पुढे ओळख झाली. मीही ग्रंथालयातलाच, हे कळल्यावर त्या मोकळेपणाने बोलायच्या. २०१३ साली अमेरिकेच्या एका सरकारी मानव्यविद्या संस्थेने तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या मदतीने मुस्लिमांचा इतिहास आणि जीवन समजावं म्हणून पंचवीस पुस्तकांचा एक संच काढला होता. आठशेहून अधिक ग्रंथालयांना तो पाठवला गेला, त्यांत कम्युनिटी कॉलेजंही होती, हे त्यांच्याकडूनच कळलं. अमिताव घोष यांचं इजिप्त आणि मलबारच्या जुन्या व्यापारावरचं पुस्तक त्यात आहे. फातिमा मर्निसी यांची फेस शहरातल्या जनानखान्यातल्या बालपणाची आठवणही त्यात आहे. मर्निसींचं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन, रोज चार-पाच पानं असं वाचलं. उंबरठा कुणी आखला, तो ओलांडला तर काय होतं, हे एक लहान मुलगी त्यात सारखं विचारते. वाचताना मला मोरोक्कोपेक्षा माझंच घर जास्त दिसत होतं.

लेकीचं काम मात्र वेगळं होतं. शरीरशास्त्राचं नवं पुस्तक तिथे दोनशे डॉलरच्या पुढे जातं. ग्रंथालयात त्याच्या प्रती राखीव असतात. दोन तास तिथेच बसून वाचायच्या आणि परत करायच्या. एके दिवशी तिने काउंटरवर आपलं कार्ड दिलं आणि आतून एक मोठा खोका आला. उघडला तर त्यात हाडं! कवटी, बरगड्या, हाताची बोटं, सगळी प्लास्टिकची. पुस्तकासारखीच नोंद करून दिलेली. ती एकेक हाड हातात धरून नाव म्हणायची आणि मी समोरचा तक्ता बघून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचो. सत्तरी ओलांडलेला बाप आणि चाळिशीची मुलगी कवटी मधे ठेवून बसलेले, कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. तिथे कुणी पाहत नव्हतं. आजूबाजूला सगळे असेच होते. रात्रपाळी करून आलेला टॅक्सीवाला, इंग्रजी नीट न येणाऱ्या बायका, शेजारच्या खुर्चीत मुलाला रंगखडू देऊन बसलेली एक आई. पुष्कळांची कुठे ना कुठे गाडी चुकलेली होती आणि ते दुसऱ्या गाडीची वाट बघत बसले होते.

एकदा मी तिला विचारलं, "घरी कॉम्प्युटर आहे, मग रोज इथे कशाला यायचं?" टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमातून २०१२ पासून पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. शरीरशास्त्राचंही आहे. ते तिनेच मला दाखवलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, किताब फुकट मिलती. टेबल नै मिलता."

ग्रंथालयाचं भवितव्य काय, यावर मी आजवर जी भाषणं ऐकली, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकं संगणकात गेली, म्हणून ग्रंथालय संपलं, असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा टेबल असतं, खोली असते, दार लावायची सोय असते. दोन खोल्यांच्या घरात, मुलांच्या गलबल्यात, स्वयंपाक आणि पाहुणे यांच्यामधून वेळ काढणाऱ्या बाईला 'हा तुझा दोन तासांचा वेळ, ही तुझी जागा' असं सांगणारं दुसरं ठिकाण कोणतं?

आणखी एक प्रसंग सांगतो. दक्षिण आशियाई लोकांमधल्या मधुमेहावर तिला निबंध लिहायचा होता. संगणकावरच्या त्या नव्या, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या यंत्राला तिने विचारलं. त्याने लेखाचं नाव, लेखक, वर्ष, सगळं पटकन दिलं. ती ते घेऊन मदत टेबलाकडे गेली. बाईंनी बराच वेळ शोधलं आणि म्हणाल्या, "असा लेखच नाही." यंत्राने तो रचून दिला होता. मग त्यांनी लेकीला शेजारी बसवलं आणि वैद्यकीय लेखांच्या सूचीत कसं शोधायचं ते दाखवलं. ती सूची ग्रंथालय दरवर्षी पैसे भरून घेतं. खरे तीन लेख मिळाले. माहिती आता सगळीकडे आहे, पण यातलं खरं कोणतं हे शेजारी बसून दाखवणारा माणूस सगळीकडे नाही. उद्या आपली मुलंमुलीही त्या यंत्रालाच विचारणार, किंबहुना विचारू लागलीच आहेत.

पण म्हणून तिथे सगळं आलबेल आहे, असं समजू नये. २०१० नंतर कम्युनिटी कॉलेजांतले विद्यार्थी घटत गेले, करोनाच्या काळात तर फारच. विद्यार्थी घटले की पैसा घटतो, आणि पैसा घटला की ग्रंथालयावर आधी नजर जाते. मी असतानाच त्या ग्रंथालयाचा शनिवार बंद झाला. शनिवारी जावई घरी असतो, मुलांकडे तो बघतो. लेकीचा अभ्यासाचा मुख्य दिवस तोच. तिच्यासारख्या कितीजणींचा असेल. मार्च २०२५ मध्ये तर वरूनच घाव आला. ग्रंथालयांना आणि वस्तुसंग्रहालयांना मदत करणारी तिथली केंद्रीय संस्था १९९६ पासून चालत आलेली. ती जवळपास बंद करण्याचा आदेश त्यांच्या अध्यक्षांनी १४ मार्चला काढला. अनुदानं थांबली. काही राज्यांत एका ग्रंथालयातून दुसऱ्याला पुस्तक पाठवायची सोय थांबली. राज्यं कोर्टात गेली. नोव्हेंबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली. ही बातमी मी परत आल्यावर इथे वाचली. एवढा श्रीमंत देश, पण वाचनालय चालू राहावं म्हणून तिथेही भांडावंच लागतं.

तो मार्च रमजानचा महिना होता. संध्याकाळी सातच्या सुमारास रोजा सुटायचा आणि तेव्हा लेकीचा अभ्यास ऐन भरात असायचा. वाचनकक्षात खायला मनाई. त्या बाईंनी स्वतःहून दाराजवळचं एक टेबल दाखवलं, "इथे चालेल." आम्ही दोघं तिथे खजूर आणि पाणी घेऊन बसायचो. एक सोमाली मुलगाही येऊन बसू लागला. त्याच टेबलावर एका संध्याकाळी मी तिला म्हणालो, "बेटा, तुझ्या नो ड्यूजवर माझी सही होती."

ती काही वेळ खजुराची बी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मालूम है अब्बा. मैंने देखी थी." आणि थोड्या वेळाने, "दो किताबां थे. एक पूरी पढी नै थी मैंने."

एवढंच. रागावली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. आत जाऊन पुन्हा हाडांच्या खोक्यासमोर बसली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. वीस वर्षं माझी समजूत होती की त्या कागदावर मी लिहिलं ते तरी खरं होतं. तिच्याकडे ग्रंथालयाचं काही बाकी नव्हतं. पण ग्रंथालयाकडे तिचं बाकी होतं, आणि घराकडेही. तो रकाना त्या छापील कागदावर नव्हता.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी लेक, बहीण किंवा सून असेल. २००६ च्या सच्चर अहवालाने आपल्या मुलामुलींची मधेच होणारी गळती देशासमोर मांडली. त्यावर आपण परिषदा घेतल्या, ठराव केले. गळती थांबवायलाच हवी. पण जे गळून गेले, त्यांना परत यायचं झालं तर दार कुठे आहे? तशी दारं आपल्याकडे नाहीत असं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मागच्या दशकात इथेही कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली होती. प्रवेश मिळतो, पुस्तकांचा संच घरी येतो. पण बसून वाचायचं टेबल आणि अडलं तर उठून येणारं माणूस मिळत नाही. आपल्यासाठी पहिला संदेशच वाचण्याचा होता, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. मोहल्ल्यात शादीखाना बांधायला वर्गणी निघते. बाईमाणसाला बिनधास्त दोन तास बसून वाचता येईल अशी खोली मात्र किती मोहल्ल्यांत आहे?

जुलैमध्ये परत आल्यावर मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. म्हटलं, संध्याकाळी दोन तास ग्रंथालय गावासाठी उघडा, बायकांनाही येऊ द्या, कपाटं उघडी ठेवा. मी बसतो, पगार नको. समोरून उत्तर आलं, "पुस्तकं गेली तर जबाबदारी कुणाची?" मला हसू आलं. चौतीस वर्षं हाच प्रश्न मी विचारत होतो. मी लिहून दिलं, जबाबदारी माझी.

तीन कपाटं मिळाली. सगळी नाहीत. स्पर्धा परीक्षेची, शास्त्राची आणि थोडी कथा-कादंबऱ्यांची. दोन लांब टेबलं आणि आठ खुर्च्या. पहिल्या दोन महिन्यांत चार पुस्तकं गेली, त्यातलं एक कुणीतरी खिडकीत परत आणून ठेवलं. तिन्हींचे पैसे मी भरले. संध्याकाळी पाच-सहा जणी येतात. त्यातली एक लग्न होऊन दोन वर्षं झालेली, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय. तान्ह्याला घेऊन येते. तो रडला की मी त्याला व्हरांड्यात फिरवतो आणि ती वाचते.

लेकीचा परवा फोन आला. शरीरशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात बी मिळाला, नर्सिंगचा अर्ज भरलाय. शनिवारचं अजून बंदच आहे म्हणाली. त्यांनी विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय. मग विचारलं, "अब्बा, वो प्राणिशास्त्र की किताब है क्या अब भी?"

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. आहे. कुलपाच्या कपाटात आहे. ते चौथं कपाट मागायला मी सोमवारी पुन्हा जाणार आहे.